सुधारणेपासून सक्षमीकरणापर्यंत : लिंबायतच्या रस्त्यावर घेतलेले एक मासिक

गेल्या महिन्यात एका वाटणीपत्राच्या कामासाठी आम्हांस सुरतेस जाणे झाले. शेत शहादा तालुक्यात, भाऊबंद गावात आणि सही करावयाचे दोन वारस सुरतच्या लिंबायत भागात, अशी ही आमच्या सीमावर्ती जिल्ह्यातील वकिलांची नेहमीची त्रिस्थळी यात्रा. नंदुरबारहून गाडीने निघाले की नवापूर लागते. त्या स्थानकाच्या फलाटावरूनच दोन राज्यांची हद्द गेलेली आहे. एकाच बाकाचे अर्धे अंग महाराष्ट्रात नि अर्धे गुजरातेत, हे चित्र बहुतेक वाचकांनी पाहिलेले असेल. पुढे सोनगड, व्यारा, बारडोली मागे टाकून उधन्यास उतरावे. तेथून लिंबायत जवळच. रेल्वेखालून जाणाऱ्या वाटेस तिकडे गरनाळे म्हणतात. ते गरनाळे ओलांडले की पाट्या गुजराती दिसतात, पण कानांवर पडते ती अहिराणी, आणि अहिराणीच्या खांद्यावर हात टाकून चाललेली मराठी. धुळे, जळगाव, नंदुरबार या जिल्ह्यांतून दोन-तीन पिढ्यांपूर्वी लूमवर, मिलमध्ये, बांधकामावर कामास गेलेल्या माणसांची ही वस्ती.

काम उरकण्यास अवकाश होता. एका वारसाची पाळी सुटावयाची होती. रस्त्याच्या कडेला एका गृहस्थाने मेणकापड अंथरून पुस्तके मांडली होती: पंचांगे, दिनदर्शिका, पोथ्या, स्पर्धापरीक्षांची जुनी मार्गदर्शके, आणि एका कोपऱ्यात मराठी मासिकांचा लहानसा गठ्ठा. महाराष्ट्राबाहेर पदपथावर मराठी मासिक दिसले की आम्हांस ते घेतल्यावाचून राहवत नाही. "कितलाले शे, भाऊ?" आम्ही विचारले. "ईस रुप्या. लई जा." मराठी मासिके खपतात का, असे विचारल्यावर त्याने दोन अंक पुढे सरकवले आणि म्हणाला, "ज्यामा 'इकास' छापेल ऱ्हास, ते इकस."

अहिराणीत शब्दारंभीचा 'वि' बहुधा 'इ' होतो. विहिरीची इहीर, विसाचे ईस. त्यामुळे 'विकास' हा 'इकास' झाला आणि 'विकते' हे 'इकस' झाले, नि त्या माणसाच्या तोंडी दोघांमध्ये एका कान्याचेच अंतर उरले. त्याला विनोद करावयाचा होता की नुसती माहिती द्यावयाची होती, हे त्याच्या चेहऱ्यावरून आम्हांस कळले नाही. वीस रुपये देऊन आम्ही अंक घेतला.

मासिकाचे नाव सांगण्याचे कारण नाही. दोष त्या एका मासिकाचा नव्हे. शिवाय त्यातील दोन लेख खरोखर वाचनीय होते. पण शेजारच्या टपरीवर चहा घेता घेता आम्ही पेन्सिल काढली आणि वकिली सवयीने काही शब्दांखाली रेघा ओढू लागलो: शाश्वत विकास, महिला सक्षमीकरण, समावेशक वाढ, नवोन्मेष, कौशल्यवर्धन, परिवर्तन, अस्मिता, अभिजात. चहा संपेपर्यंत पाने रेघांनी भरली. 'शाश्वत नागरी विकास' असा मथळा असलेला एक लेख तर सुरत शहराविषयीच होता. पावसाळ्यात ज्या मिठी खाडीचे पाणी याच लिंबायतेतील घरांत शिरते, तिचे नाव त्यात कोठेही नव्हते.

संध्याकाळी सह्या झाल्या. वारसांपैकी एकाच्या आई, साठीच्या पुढच्या, दारात बसून साड्यांचे सुटलेले धागे कापीत होत्या. या कामास तेथे धागा कटिंग म्हणतात. नगावर पैसे मिळतात. अंक पाहून त्यांनी तो मागितला आणि बोट ठेवीत, अक्षर लावीत एक मथळा वाचला. मग विचारले, "भाऊ, सक्षमीकरण म्हंजे काय शे?" आम्ही म्हणालो, "मावशी, म्हणजे बाईमाणसाला स्वतःच्या पायावर उभे करणे." त्यांनी कात्री खाली ठेवली. "मंग आतेलोंग मी कोना पायवर उभी शे, भाऊ?"

या प्रश्नाचे उत्तर आम्हांस त्या वेळी देता आले नाही. गंमत अशी की, ते उत्तर व्याकरणात तयार आहे. 'सक्षमीकरण', 'आधुनिकीकरण', 'उदारीकरण' या शब्दांतील 'ई' ही पाणिनीच्या व्याकरणातील च्वि प्रत्ययाची खूण आहे. हा प्रत्यय कोठे लागतो, ते सांगताना वार्तिककारांनी 'अभूततद्भाव' असा शब्द योजिला. जी वस्तू आधी तशी नव्हती ती तशी होणे किंवा करणे, तेथे च्वि. जे पांढरे नव्हते त्यास पांढरे करणे ते शुक्लीकरण. पांढऱ्यास पांढरे करण्याला शुक्लीकरण म्हणता येत नाही. त्या न्यायाने 'महिला सक्षमीकरण' म्हणताना, स्त्री आधी सक्षम नव्हती, हे आपण गृहीतच धरतो. प्रत्ययाचा अर्थच तो. ज्या बाईने तीस-चाळीस वर्षे धागे कापून घर चालविले, तिच्या कानाला हे गृहीत पहिल्याच वाचनात खुपले. आमच्या कानाला एवढ्या वर्षांत ते खुपले नव्हते.

या 'ईकरणा'ने मराठीत गेल्या साठ-सत्तर वर्षांत जो संचार केला आहे, त्यावर कोणी स्वतंत्र प्रबंध लिहावा. १९६९ साली बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले तेव्हा हा शब्द घराघरांत पोहोचला. १९९१ नंतर उदारीकरण, खासगीकरण, जागतिकीकरण अशी तीन भावंडे एकदम आली. त्यांतील 'खासगीकरण' पाहावे: 'खास' अरबी, प्रत्यय संस्कृत, आणि नांदतो आहे मराठीत. पुढे नगरपालिकांच्या ठरावांत रस्त्यांचे रुंदीकरण, डांबरीकरण, काँक्रिटीकरण आणि चौकांचे सुशोभीकरण सुरू झाले. काँक्रीट या इंग्रजी शब्दास च्वि प्रत्यय लागलेला पाहून पाणिनीस काय वाटले असते कोण जाणे; पण एक मान्य केले पाहिजे की, या संपूर्ण कुळात डांबरीकरण हाच सर्वांत प्रामाणिक शब्द आहे. डांबर पडले की नाही, ते कोणासही रस्त्यावर जाऊन पाहता येते.

आता थोडे मागे जाऊ, आणि त्यासाठी सुरत सोडण्याची गरज नाही. मराठी व्याकरणाचे आद्य आचार्य, ज्यांस मराठीचे पाणिनी म्हटले जाते, ते दादोबा पांडुरंग तर्खडकर १८४० नंतरच्या दशकात याच शहरात शिक्षक होते. त्यांचे मराठी व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले होते. सुरतेस आले ते इंग्रजी शाळेतील नोकरीसाठी. तेथे दुर्गाराम मंछाराम मेहताजी या गुजराती शिक्षकाशी त्यांची मैत्री जमली, आणि १८४४ च्या जूनमध्ये या मंडळींनी मानवधर्मसभा स्थापन केली. दुर्गाराम, दादोबा, दिनमणिशंकर, दलपतराम आणि दामोदरदास अशी पाच 'द'कारी नावे एकत्र आल्याने लोक त्यांस 'पाच दद्दा' म्हणत. जातिभेद, मूर्तिपूजा, विधवांची स्थिती यांवर तेथे उघड चर्चा चाले. मंत्रतंत्राने चमत्कार करून दाखविणाऱ्या मांत्रिकांना ही सभा जाहीर आव्हान देई. दादोबा मुंबईस परतले, दुर्गाराम पुढे राजकोटास गेले आणि सभा मावळली. परंतु मुंबईतील परमहंस सभेचे बीज सुरतेतच रुजले होते. मराठी सुधारणेच्या इतिहासाचे एक पान सुरतेत लिहिले गेले, हे लिंबायतेतील किती मराठी मुलांना ठाऊक असेल?

त्या पिढीचा परवलीचा शब्द 'सुधारणा' हा होता. गुजरातीत तोच 'सुधारो'. या एका शब्दावर त्या काळी केवढा भार होता! इंग्रजीतील तीन-चार निरनिराळ्या कल्पना मराठीने या एकाच पोत्यात भरल्या. समाजाच्या चुकीच्या चाली बदलणे ती सुधारणा. राष्ट्राचे एकंदर पुढारलेपण तेही सुधारणा. आगगाडी, तारायंत्र, छापखाना हीही सुधारणा. आणि शेताला बांध घालणे हीसुद्धा सुधारणाच. लोकहितवादींनी १८४८ पासून 'प्रभाकर'मध्ये शतपत्रे लिहिली. १८७४ साली निघालेल्या 'निबंधमाले'त विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी सुधारकांवर टीकेची झोड उठविली. १८८८ साली आगरकरांनी आपल्या पत्राचे नावच 'सुधारक' ठेवले. चाळीस वर्षे दोन्ही पक्ष त्या एकाच शब्दाभोवती भांडत होते.

सुरतेत याच शब्दाची कथा अधिक नाट्यमय आहे. कवी नर्मद म्हणजे नर्मदाशंकर दवे हे सुधाऱ्याचे अग्रणी. १८६४ साली त्यांनी 'दांडियो' नावाचे पाक्षिक काढले. दांडियो म्हणजे रात्री काठी आपटीत, लोकांस जागे करीत फिरणारा पहारेकरी. आज पदपथावर मासिक घेताना आम्हांस त्याच पत्राची आठवण झाली, कारण ते खऱ्या अर्थाने रस्त्यावरचे पत्र होते: बोलीतले, खोडकर, नाव घेऊन खडसावणारे. त्याच नर्मदाने उतारवयात 'सुधारो' या शब्दाकडे पाठ फिरविली. 'धर्मविचार'मधील लेखांत तो आपल्याच तरुणपणाशी वाद घालताना दिसतो. विद्वान त्याच्या मतपरिवर्तनाची निरनिराळी कारणे देतात. आमच्या अल्पमतीस त्यातील एक कारण भाषेचे वाटते. जो शब्द प्रत्येकाच्या तोंडी बसतो, तो बोलणाऱ्याच्या हातून निसटतो. मग त्याला तो शब्द परका वाटू लागतो.

मानवधर्मसभा स्थापन झाली त्याच वर्षी, १८४४ च्या ऑगस्टात, सुरतेत आणखी एक घटना घडली. सरकारने मिठावरील कर मणामागे अर्ध्या रुपयावरून एक रुपया केला आणि सारे शहर रस्त्यावर उतरले. दुकाने बंद झाली, लोक जमले, सरकारला वाढ कमी करावी लागली. सभेतील चर्चा उच्च होती, तिचे महत्त्व आम्ही रतिमात्र कमी लेखीत नाही. पण एकाच शहरात एकाच पावसाळ्यात हे दोन प्रसंग घडले, हे विसरताही येत नाही. एकीकडे 'सुधारो', ज्याचा अर्थ प्रत्येक जण आपापल्या परीने लावी. दुसरीकडे 'मीठ' आणि 'आठ आणे', ज्यांचा अर्थ लावण्याचा प्रश्नच नव्हता.

'विकास' या शब्दाचा प्रवास तर याहून विलक्षण. हा मूळचा फुलाचा शब्द. कमळ विकसते, कळी विकसते. जुन्या मराठीत याच अर्थाने तो येतो, आणि मोल्सवर्थच्या कोशातही त्याचा अर्थ उमलणे, फुलणे असाच आहे. फूल उमलते ते आतून. कोणी बाहेरून पाकळ्या ओढून त्याचा विकास करीत नाही. २ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात सामुदायिक विकास योजना सुरू झाली आणि फुलाचा शब्द सरकारी दप्तरात गेला. तालुक्यांचे 'विकास गट' झाले. बळवंतराय मेहता समितीच्या १९५७ च्या अहवालानंतर दोन्ही राज्यांनी १९६१ साली पंचायत राज्याचे कायदे केले. महाराष्ट्रात 'गटविकास अधिकारी' आले, गुजरातेत 'तालुका विकास अधिकारी'. नवापूरच्या माणसाचा विकास गटाने होतो आणि पलीकडे उच्छलच्या माणसाचा तालुक्याने, असे आम्ही कोर्टाच्या व्हरांड्यात थट्टेने म्हणतो. फूल गेले, पद राहिले. पुढे पदही मागे पडून घोषणा राहिली. शेवटी २०१७ साली गुजरातेतील लोकांनीच 'विकास गांडो थयो छे', म्हणजे विकास वेडा झाला आहे, असे वाक्य मोबाइलवरून राज्यभर पसरविले. त्यास उत्तर म्हणून 'हूं छूं विकास' अशी घोषणा आली. एका शब्दास माणूस कल्पून दोन पक्ष त्याच्याविषयी भांडले. हा प्रकार भाषेच्या अभ्यासकाने नोंदवून ठेवण्याजोगा आहे. लिंबायतच्या विक्रेत्याची कोटी याच परंपरेतील.

कोणी म्हणेल, हे सारे इंग्रजीच्या भाषांतराचे दुखणे आहे. तसे नाही. सतराव्या शतकाच्या आरंभीची मराठी पत्रे पाहावीत. त्यांत फारशी शब्दांची एवढी गर्दी आहे की, मराठी वाचकास क्रियापदे आणि प्रत्यय तेवढे आपले वाटावेत. त्या काळी दरबारी प्रतिष्ठा फारशी शब्दांस होती. शिवछत्रपतींच्या आज्ञेने रघुनाथ पंडितांच्या नावे 'राज्यव्यवहारकोश' सिद्ध झाला. त्यात सुमारे चौदाशे शब्दांस संस्कृत पर्याय दिले. पेशव्यास प्रधान, मुजुमदारास अमात्य, सुरनिसास सचिव. परिणाम काय झाला? 'पेशवा' पुसला गेला नाही. पुढची शंभर वर्षे तर त्याचीच झाली. आमच्या न्यायालयात आजही दावा, फिर्याद, जामीन, तारीख, हुकूम हेच शब्द चालतात, आणि आम्ही स्वतः ज्या नावाने पोट भरतो तो 'वकील' शब्दही अरबीच आहे. बडोद्यास सयाजीराव महाराजांनी १९३१ साली 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' हा राज्यकारभाराच्या शब्दांचा बहुभाषी कोश प्रसिद्ध करविला. १९६० नंतर महाराष्ट्राच्या भाषा संचालनालयाने पदनाम कोश केला, तेव्हा त्यास 'बदनाम कोश' म्हणून हिणविले गेले. तरी त्यातील कितीतरी पदनामे आज आपण डोळे मिटून वापरतो. म्हणून शब्द कोणत्या भाषेतून आला, हा प्रश्न आम्हांस दुय्यम वाटतो. 'जामीन' टिकला, कारण जामीन मिळाला की माणूस घरी येतो. शब्दामागे काहीतरी घडावे लागते.

आणि आता आमच्या घरातील गोष्ट, जिच्यासाठी हा सारा प्रपंच केला.

त्या मासिकात आम्ही सर्वांत अधिक रेघा ज्या शब्दाखाली ओढल्या, तो शब्द 'अस्मिता'. आम्ही सीमाभागातील कार्यकर्ते या शब्दावर जगतो. आमच्या प्रत्येक पत्रकात, प्रत्येक निवेदनात तो असतो. योगसूत्रांत पतंजलींनी पाच क्लेश सांगितले आहेत: अविद्या, अस्मिता, राग, द्वेष, अभिनिवेश. म्हणजे मुळात अस्मिता हा चित्तास जडलेला विकार होय, मीपणा. त्यास समाजाच्या अभिमानाचा अर्थ देऊन तो गाजविण्याचे श्रेय मोठ्या अंशी गुजराती साहित्यिक कन्हैयालाल मुनशी यांस जाते. 'गुजरातची अस्मिता' हा त्यांचा जीवनभराचा विषय होता. मराठी अस्मितेच्या नावाने गुजरातेत भाषण ठोकणाऱ्या आमच्यासारख्याने हे लक्षात ठेवावे, म्हणजे आवाज आपोआप थोडा खाली येतो.

दुसरा शब्द 'अभिजात'. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्यामागे रंगनाथ पठारे समितीचे परिश्रम होते, आणि त्या दिवशी आमच्याही डोळ्यांत पाणी आले, हे लपविण्यात अर्थ नाही. परंतु त्यानंतर हा शब्द इतका फिरला की, आता मिठाईच्या दुकानावर तो दिसला तरी नवल वाटू नये. सुरत महानगरपालिकेच्या प्राथमिक शाळा गुजरातीबरोबर हिंदी, मराठी, उर्दू, ओडिया, तेलुगू अशा माध्यमांतून चालतात, ही त्या शहराची फार मोठी गोष्ट आहे आणि आपण तिचे पुरेसे कौतुक करीत नाही. त्या शाळेतील मराठी मुलास 'तुझी भाषा अभिजात आहे' असे सांगणे चांगलेच. त्याच्या वर्गास शिक्षक आहे का, हे विचारणेही चांगले. मासिकात पहिले वाक्य चार ठिकाणी होते, दुसरे एकाही ठिकाणी नव्हते.

हे दुसऱ्याच्या मासिकाविषयी लिहिणे सोपे आहे. दोन वर्षांपूर्वी राज्याबाहेरील मराठी शाळांच्या प्रश्नावर आम्ही स्वतः एक निवेदन लिहिले होते. चार पानांचे, आमच्या मते दमदार. ज्या अधिकाऱ्यांपुढे ते ठेवले, त्यांनी ते शांतपणे वाचले आणि एकच प्रश्न विचारला: "मुले किती?" आमच्यापाशी आकडा नव्हता. त्या दिवशी परतल्यावर आम्ही निवेदनातील 'अस्मिता' मोजल्या. त्या सात भरल्या.

वास्तविक आम्हांस हे कळावयास हवे होते, कारण आमचा धंदाच व्याख्यांचा. कोणताही अधिनियम उघडा. आरंभीच व्याख्यांचे कलम असते, आणि अमुक शब्दाचा या कायद्यापुरता अमुक अर्थ, असे तेथे बांधून दिलेले असते. ज्या कायद्याने आमच्या भागाच्या दोन चिरफळ्या केल्या, तो १९६० चा मुंबई पुनर्रचना अधिनियम पाहावा. नवापूर, नंदुरबार, अक्कलकुवा, तळोदे या पश्चिम खानदेशातील तालुक्यांमधून आणि ठाणे जिल्ह्याच्या उंबरगाव तालुक्यामधून कोणती गावे गुजरातेत जाणार, ते त्याच्या पहिल्या अनुसूचीत गावनिहाय दिले आहे. एकही विशेषण नाही. एका बाजूस सभांमधून गर्जना चालल्या होत्या आणि दुसऱ्या बाजूस कोणीतरी शांतपणे गावांची यादी टंकलिखित करीत होते. हद्द ठरली ती यादीने.

भाषिक अल्पसंख्याकांस जे संरक्षण मिळाले, तेही अशाच कोरड्या भाषेत आहे, आणि म्हणूनच ते कामाचे आहे. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने संविधानात अनुच्छेद ३५०क आला: भाषिक अल्पसंख्याक गटातील मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी देण्याचा प्रत्येक राज्याने प्रयत्न करावा. 'पुरेशा' म्हणजे किती? त्याचे माप त्याआधीच ठरले होते. ऑगस्ट १९४९ मध्ये प्रांतिक शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने ठरविले होते की, संपूर्ण शाळेत चाळीस किंवा एका वर्गात दहा मुले त्या भाषेची असतील तर त्या भाषेचा शिक्षक नेमावा. चाळीस आणि दहा. ज्यांनी हे दोन आकडे लिहिले, त्यांनी 'अस्मिता' शब्द लिहून जे साधले नसते ते साधून ठेवले. कारण हा आकडा घेऊन कोणताही पालक कोणत्याही कचेरीत उभा राहू शकतो. २०२३ साली गुजरातने पहिली ते आठवीच्या वर्गांत गुजराती विषय सक्तीचा करणारा कायदा केला. महाराष्ट्रानेही मराठीसाठी २०२० साली तसाच कायदा केलेला असल्याने त्यावर रागावण्याचा अधिकार आपणांस नाही. मुलाने गुजराती शिकावी, उत्तम शिकावी. जेथे राहतो, तेथली भाषा आली पाहिजे. प्रश्न एवढाच उरतो की, मराठी माध्यमाच्या वर्गात चाळीस-दहाचे माप आज कोण लावून पाहतो?

आणि हे माप लावताना आणखी एक अडचण येते, ती पुन्हा शब्दाचीच. लिंबायतेतील घरांत बोलली जाते ती अहिराणी. ग्रिअर्सनच्या भाषासर्वेक्षणात १९०७ च्या खंडात खानदेशीस मराठीच्या खंडात न घालता भिल्ली भाषांबरोबर ठेवले आहे, आणि जनगणनेतही 'खानदेशी' ही मराठीहून निराळी मोजली जाते. २०११ साली तिचे साडेअठरा लाख भाषक नोंदले गेले. तेव्हा मावशींना कोणी विचारले, "मातृभाषा कोणती?" तर त्या "अहिराणी" म्हणतील, आणि ते खरेच आहे, पण त्यांच्या नातवाची शाळा मराठी माध्यमाची आहे, हेही खरे. सभेतल्या 'मराठी अस्मिते'त ही अडचण दिसतच नाही, कागदावरच्या रकान्यात मात्र लगेच दिसते. शाळेच्या दाखल्यावर मातृभाषेच्या रकान्यात काय लिहिले आहे, यावर उद्या चाळिसाचे एकोणचाळीस होऊ शकतात.

निघताना मावशींनी मासिक ठेवून घेतले. आम्ही म्हणालो, त्यावर आम्ही फार रेघा मारल्या आहेत. "राहू द्या," त्या म्हणाल्या, "जठे रेघ नही तठे वाचसू." परतीच्या गाडीत आम्ही ते जुने निवेदन पुन्हा लिहावयास घेतले. नवापूर येईपर्यंत चार पानांचे एक पान झाले, आणि त्या पानातही अर्धी जागा रिकामी राहिली. ती आकड्यांची जागा आहे.

ती आम्हांस एकट्यास भरता येणार नाही. लिंबायत, उधना, डिंडोली, नवागाम या भागांतील वाचकांनी आपल्या वस्तीतील मराठी माध्यमाच्या शाळेचा क्रमांक, इयत्तावार पट, मराठी माध्यमाच्या शिक्षकांची संख्या, आणि दाखल्यावर मातृभाषा 'मराठी' लिहितात की 'अहिराणी' वा 'खानदेशी', एवढे आम्हांस दिवाळीपूर्वी कळवावे. निझर, उच्छल, सोनगडकडील वाचकांनीही आपल्या गावच्या शाळेचे हेच कळवावे. सोबत पत्र लिहिण्याची आवश्यकता नाही.